सुरकुत्या खऱ्या झाल्यावर : रोहिणी हट्टंगडी यांच्या पुढील भूमिकांविषयी

नटाने कोणती भूमिका करावी हे प्रेक्षकाने सांगू नये, असा एक जुना संकेत आहे. प्रेक्षकाने तिकीट काढावे, पाहावे, आवडले तर दाद द्यावी आणि घरी जावे. हा संकेत आम्हांला सर्वसाधारणपणे मान्य आहे. परंतु काही कलावंतांच्या बाबतीत त्यांच्या पुढील भूमिकांविषयी इच्छा बाळगणे हा केवळ चाहत्याचा हट्ट राहत नाही. त्यांनी आजवर केलेल्या कामाचा नीट विचार करू लागलो, की तो विचारच आपल्याला ‘आता यापुढे काय?’ या प्रश्नापाशी आणून सोडतो. श्रीमती रोहिणी हट्टंगडी या अशा कलावंतांपैकी एक आहेत, आणि आदिलाबाद जिल्ह्यातील आम्हां जुन्या मराठी कुटुंबांना तर हा प्रश्न अधिकच जवळचा वाटावा अशी काही कारणे आहेत.

रोहिणीताईंचा जन्म १९५१ चा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली शिकून त्या १९७४ मध्ये बाहेर पडल्या. पती जयदेव हट्टंगडी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘चांगुणा’, ‘मीडिया’ यांसारख्या नाटकांतून त्यांनी मराठी रंगभूमीवर आपले स्थान निर्माण केले. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेने त्यांचे नाव जगभर गेले. या चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. दक्षिण आफ्रिकेतील तरुण गृहिणीपासून आगाखान पॅलेसमधील मृत्युशय्येपर्यंतचा बांचा प्रवास त्यांनी त्या वयात उभा केला. १९४४ मध्ये कस्तुरबा निवर्तल्या तेव्हा त्या ७४ वर्षांच्या होत्या. आज रोहिणीताई स्वतः त्या वयाला पोहोचल्या आहेत. रंगभूषाकाराने जे वय एकेकाळी त्यांच्या चेहऱ्यावर काढले होते, ते आता त्यांचे स्वतःचे आहे.

या एका गोष्टीतून आमचे सारे म्हणणे निघते. रोहिणीताईंनी तरुणपणी उसन्या वार्धक्याच्या भूमिका केल्या आणि त्यांतल्या बहुतेक स्त्रिया दुसऱ्या कोणाच्या तरी होत्या : महात्म्याची पत्नी, निवृत्त मुख्याध्यापकाची पत्नी, सूडाने पेटलेल्या मुलाची आई. आता वार्धक्य उसने राहिलेले नाही. तेव्हा आता त्यांच्या वाट्याला येणारी वृद्ध स्त्रीही स्वतःची असावी, इतरांच्या गोष्टीतली नसावी. आमची अपेक्षा एवढीच आहे. पण ती वाटते तितकी लहान नाही.

‘सारांश’ (१९८४) चे उदाहरण घेऊ. महेश भट्ट यांच्या या चित्रपटात अनुपम खेर यांनी साकारलेल्या बी. व्ही. प्रधान या निवृत्त मुख्याध्यापकाची पत्नी पार्वती ही भूमिका रोहिणीताईंची होती. त्या स्वतः तेव्हा अवघ्या तेहतीस वर्षांच्या आणि खेर त्यांच्याहूनही लहान. एकुलता मुलगा परदेशात मारला गेला आहे. नवरा विवेकाच्या आधाराने तग धरू पाहतो, तर पत्नी मुलगा पुन्हा जन्माला येईल या श्रद्धेला चिकटून राहते. चित्रपटाचा कौल नवऱ्याच्या बाजूने आहे. पटकथेने पार्वतीला जवळजवळ भ्रमिष्ट ठरवले आहे. तरीही चित्रपट पाहून उठताना पार्वतीचा भ्रम आपल्याला हास्यास्पद वाटत नाही, कारण रोहिणीताईंनी तो दुबळेपणा म्हणून रंगवलेलाच नाही. दुःखाने खचलेल्या बाईला जगण्यासाठी जेवढे लागते तेवढेच ती जवळ करते, इतक्या साध्या हिशेबाने त्यांनी ती श्रद्धा धरून ठेवली आहे. आता या चित्रपटाचा शेवट आठवा. पत्नीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांत आपल्याला आपल्या आयुष्याचा सारांश दिसतो, अशा आशयाचे उद्गार नवरा काढतो. चित्रपटाचे नावच तिथून आलेले आहे. सुरकुत्या तिच्या आणि सारांश मात्र त्याच्या आयुष्याचा! तिच्या आयुष्याचा सारांश काय, हे तिला कोणी विचारलेच नाही. गेली चाळीस वर्षे हा प्रश्न तसाच पडून आहे.

पुरस्कारांची यादी पाहिली तरी हेच दिसते. ‘गांधी’साठी ब्रिटिश अकादमीचा म्हणजे बाफ्टा पुरस्कार, ‘अर्थ’साठी फिल्मफेअर, आणि गोविंद निहलानी यांच्या ‘पार्टी’साठी राष्ट्रीय पुरस्कार. हे तिन्ही पुरस्कार ‘सहायक अभिनेत्री’ म्हणून मिळालेले आहेत. सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार तर १९८४ च्या चित्रपटांपासूनच सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या मानकरी रोहिणीताई ठरल्या. हा मोठाच सन्मान होय. पण ‘सहायक’ या शब्दाचा खरा अर्थ या भूमिकांच्या लेखनात आहे, अभिनयात नाही. ‘अर्थ’मधील मोलकरीण हा त्याला सन्माननीय अपवाद म्हणता येईल. मुलीच्या शाळेसाठी साठवलेला पैसा दारुड्या नवऱ्याने उडवल्यावर ती जे पाऊल उचलते, ते चित्रपटाच्या नायिकेच्या निर्णयाहूनही कठोर आहे. मध्यमवर्गीय नायिकेला जे बोलून दाखवावे लागते ते ही बाई करून मोकळी होते. थोडक्या प्रसंगांत त्यांनी ती बाई अशी उभी केली की मूळ कथेच्या शेजारी दुसरी एक कथा चालू असल्याची जाणीव प्रेक्षकाला होते.

त्यानंतर हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांना ‘आई’ केले. ‘अग्निपथ’ (१९९०) मध्ये त्यांनी अमिताभ बच्चन यांच्या आईची भूमिका केली. बच्चन यांचा जन्म १९४२ चा, म्हणजे हा मुलगा आईहून सुमारे नऊ वर्षांनी मोठा! ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) मध्येही त्या आईच होत्या. ‘चालबाज’ (१९८९) मधील दुष्ट अंबा हा मात्र वेगळा नमुना. तेथे त्यांनी क्रौर्याला विनोदाची अशी फोडणी दिली की प्रेक्षक घाबरताना हसत होता. ही बाई हलकटपणाही रंगवू शकते, तोही आनंदाने, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. त्या गुणाचा पुढे म्हणावा तसा उपयोग कोणी करून घेतला नाही.

येथवर जे सांगितले ते साऱ्या महाराष्ट्राचे झाले. आमच्या जिल्ह्याचा रोहिणीताईंशी जो संबंध आहे तो थोडा निराळा आहे, आणि तो दोन वाटांनी आलेला आहे.

पहिली वाट तेलुगू चित्रपटाची. क्रांतिकुमार यांच्या ‘सीतारामय्यगारि मनवरालु’ (१९९१) या चित्रपटात अक्किनेनी नागेश्वरराव यांच्यासमोर पत्नीच्या भूमिकेत रोहिणीताई होत्या. शीर्षकाचा अर्थ ‘सीतारामय्यांची नात’. परदेशातून आलेली नात दुरावलेले घर जोडू पाहते, अशी ती कथा. नागेश्वररावांचा जन्म १९२४ चा, म्हणजे या पतिपत्नींच्या खऱ्या वयांत सत्तावीस वर्षांचे अंतर होते. पडद्यावर ते कुठेही जाणवत नाही. तेलुगू शेजाऱ्यांसोबत हा चित्रपट पाहणाऱ्या मराठी घरांना त्यातली आजी ‘आपली’ वाटली, ती नुसती कलावंत मराठी म्हणून नव्हे. डोक्यावरचा पदर, जेवायला वाढतानाची लगबग, नवऱ्यापुढे गप्प राहूनही आपले म्हणणे घरभर पोहोचवण्याची हातोटी, या गोष्टी गोदावरीच्या आणि पैनगंगेच्या काठांवर सारख्याच आहेत. पुढे ‘लिटल सोल्जर्स’ (१९९६) मध्येही तेलुगू प्रेक्षकाने त्यांना पाहिले.

दुसरी वाट दूरचित्रवाणीची. हैदराबादच्या ईनाडू समूहाने २००० मध्ये ई टीव्ही मराठी ही वाहिनी सुरू केली आणि २००१ पासून तिच्यावर ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका आली. म्हणीतले चार दिवस येथे २०१३ पर्यंत लांबले आणि भागांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली. मालिकेची साहित्यिक योग्यता फार होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मराठी चित्रपट ज्या गावांत क्वचितच लागतो, नाटक पाहायचे तर नांदेड किंवा यवतमाळ गाठावे लागते, तेथे रोज संध्याकाळी घरात अर्धा तास प्रमाण मराठी ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हती. शाळेत तेलुगू आणि इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या नातवंडांच्या कानांवर आजीखेरीज जे दुसरे मराठी पडत होते, ते आशा देशमुखांचे, म्हणजे रोहिणीताईंचे होते. हैदराबादच्या संस्थेने आदिलाबादच्या घरांत मराठी पोहोचवावी, हा आमच्या दुभाषी नशिबाचा एक मासलेवाईक नमुना म्हणता येईल.

म्हणून आमच्या अपेक्षा आम्ही आमच्याच भूमीत रुजवून सांगतो.

पहिली अपेक्षा जमिनीच्या गोष्टीची. रोहिणीताईंच्याच वर्षी, १९५१ मध्ये, पैनगंगेकाठच्या एखाद्या खेड्यात जन्मलेली एक स्त्री डोळ्यांसमोर आणा. ती जन्मली तेव्हा ते गाव हैदराबाद संस्थानाच्या जागी आलेल्या हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आमच्या जिल्ह्यातला राजुरा आणि किनवटचा भाग पलीकडे गेला, आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २ जून २०१४ रोजी तेलंगणा झाले. २०१६ मध्ये जिल्ह्याचेच चार तुकडे पडले. आपला उंबरा न ओलांडता या बाईने तीन राज्ये पाहिली. तिच्या ट्रंकेत सासऱ्यांच्या वेळचे मोडी कागद आहेत, निजामी अमलातले उर्दू दस्त आहेत, तेलुगूतली पहाणी आहे आणि पट्टादार पासबुक आहे. त्यावर २०२० मध्ये धरणी पोर्टल आले आणि २०२५ मध्ये त्याची जागा भूभारतीने घेतली. यांतली एकही लिपी तिला धड वाचता येत नाही. पण कोणता बांध कोणत्या बाभळीपाशी वळतो हे तिला पाठ आहे. नाव चुकल्याने जमीन दुसऱ्याच्या खात्यावर गेली आणि ती कचेरीत जाऊन बसली, तर तिच्या त्या बसण्यात केवढा मोठा चित्रपट आहे! त्यात आक्रोशाची गरज नाही. ‘सारांश’मधली पार्वती ज्या चिवटपणाने एका भ्रमाला धरून राहिली, त्याच चिवटपणाने ही बाई एका सत्याला धरून राहील. रोहिणीताईंना याहून अधिक काही लागणार नाही.

दुसरी अपेक्षा अधिक अडचणीची आहे आणि ती सांगताना आपणांस थोडे अवघडल्यासारखे होईल. वृद्ध स्त्री पडद्यावर आली की ती सोशिक किंवा प्रेमळ असावी असा आपला आग्रह असतो. आम्हांला रोहिणीताई एखाद्या वाड्यातील चुकलेल्या मालकिणीच्या भूमिकेत पाहायच्या आहेत. आपल्या शेतांतला कापूस कोणी वेचला, त्या गोंड आणि अन्य कष्टकरी बायांना पाणी कोणत्या भांड्यातून आणि किती उंचीवरून दिले गेले, याची आठवण आपल्या घरांत आहे. तिचा उच्चार मात्र आपल्या लेखनात फारसा नाही. ज्या जिल्ह्याने कुमराम भीमचा लढा पाहिला, त्या जिल्ह्यातील मराठी वाड्याची गोष्ट केवळ लोणची-पापडांच्या गोडव्यात सांगणे हा अर्धा इतिहास झाला. जी बाई आपल्या नातवावर जीव टाकते आणि त्याच हाताने ओसरीखालच्या बाईला दूर ठेवते, ती दुष्ट नव्हे. पण तिला निर्दोषही ठरवता येणार नाही. अशी व्यक्तिरेखा उभी करायला जो निर्भयपणा लागतो तो ‘चालबाज’च्या अंबेत आणि ‘पार्टी’तल्या मद्याच्या आहारी गेलेल्या मोहिनी बर्वेत आम्ही पाहिला आहे. प्रेक्षकाचे प्रेम गमावण्याची भीती त्या चेहऱ्यावर कधी दिसली नाही.

तिसरी अपेक्षा भाषेची. मराठीत वडिलांची आई आणि आईची आई दोघीही आजीच. तेलुगूत एक नानम्मा आणि दुसरी अम्मम्मा. आमच्याकडे आता तेलुगू सुना आणि जावई येऊ लागले आहेत, तेव्हा एकाच बाईला एक नातवंड ‘आजी’ म्हणते आणि दुसरे ‘अम्मम्मा’. ती देवापुढे मराठीत बोलते, बाजारात तेलुगूत भाव करते, जुन्या ओळखीच्या मुसलमान शेजारणीशी दख्खनीत सुखदुःख सांगते, आणि मोठ्या शहरातून आलेल्या नातवाच्या इंग्रजीपुढे गप्प बसते. ही बाई मराठी चित्रपटाने अजून पाहिलेली नाही. तेलुगू चित्रपटानेही नाही. रोहिणीताईंनी दोन्ही पडद्यांवर काम केलेले आहे. एकाच भूमिकेत या दोन्ही भाषा त्यांच्या आवाजात ऐकण्याचा योग यावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

अशी गोष्ट प्रादेशिक चौकटीत अडकून पडेल, असा आक्षेप कोणी घेईल. त्यावर ‘मिनारी’ (२०२०) या चित्रपटाचा दाखला पुरेसा आहे. अमेरिकेतील आर्कान्सामध्ये शेती करू पाहणारे एक कोरियन कुटुंब, आणि मायदेशातून आलेली आजी. तिने सोबत आणलेले भाजीचे बी ओढ्याकाठी पेरलेले. नातवाला ती आजीसारखी वाटतच नाही. या भूमिकेसाठी युन यो-जोंग यांना २०२१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, ऑस्कर मिळाले. एका परक्या मुलखातील वस्ती, दोन भाषा आणि एक म्हातारी एवढ्या भांडवलावर ती कथा जगभर गेली. शेजारच्या तेलुगूतही ‘मिथुनम’ (२०१२) या तनिकेल्ल भरणी यांच्या चित्रपटात एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि लक्ष्मी या दोनच वृद्ध पात्रांनी सारा पडदा व्यापला होता.

मराठीत वृद्धत्वाचे नाट्य नाही असे नाही. परंतु ते बहुतांशी पुरुषाच्या नावावर आहे. १९७० मध्ये शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले तेव्हा डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांनीही वार्धक्य उसनेच घेतले होते, पण कथेचे केंद्र ते होते. कावेरी मध्येच निघून जाते आणि नाटक पुढे चालू राहते. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ने नानींना नानांच्या बरोबरीची जागा दिली, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. रंगभूमी या बाबतीत चित्रपटापेक्षा उदार ठरली आहे. प्रशांत दळवी यांचे ‘चारचौघी’ २०२२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी पुन्हा रंगभूमीवर आणले, तेव्हा समाजाची पर्वा न करता आपल्या मनाप्रमाणे संसार मांडणाऱ्या आईची भूमिका रोहिणीताईंनी केली. तेथेही आई आहे, पण तिला स्वतःचा भूतकाळ आहे आणि स्वतःची मते आहेत.

‘म्हाताऱ्या बाईची गोष्ट पाहायला कोण येणार?’ हा निर्मात्यांचा नेहमीचा प्रश्न. त्याला उत्तर ‘बाईपण भारी देवा’ने दिले आहे. केदार शिंदे यांच्या या चित्रपटात मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींतल्या थोरलीची, जयाची, भूमिका रोहिणीताईंची. ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट त्या वर्षीचा सर्वाधिक कमाईचा मराठी चित्रपट ठरला. बायका घोळक्याने चित्रपटगृहांत गेल्या. प्रेक्षकवर्ग नाही ही सबब त्या दिवसापासून संपली. आता उरला आहे तो केवळ लेखनाचा प्रश्न. सहा जणींत वाटलेली ती जागा एखाद्या चित्रपटात एकटीला द्यावी, एवढेच मागणे आहे.

या मागण्याला घाई आहे, कारण त्याच २०२३ साली उत्तरा बावकर, सुलोचनादीदी आणि सीमा देव या तिघी आपल्यातून गेल्या. पडद्यावरील आयांची एक पिढी काही महिन्यांत सरली. त्यांनी काय केले याची उजळणी झाली, श्रद्धांजलीचे लेख आले. त्यांच्या उतारवयात त्यांच्यासाठी काय लिहिले गेले नाही, याचा हिशेब कोणी मांडला नाही. तो हिशेब मांडायचा तर कलावंत आपल्यात असतानाच मांडला पाहिजे.

येथे एक प्रश्न उरतो. पुण्या-मुंबईत वावरलेल्या कलावंताला आमच्या सीमाभागातील बोलीची लकब साधेल काय? आम्हांला याची चिंता वाटत नाही. गुजराती कस्तुरबा इंग्रजी चित्रपटात आणि तेलुगू घरातली आजी तेलुगू पडद्यावर ज्यांनी विश्वसनीय केली, त्यांना आमचे हेल अवघड नाहीत. अवघड आहे ते दुसरेच. कलावंत बाहेरून येऊ शकतो. गोष्ट मात्र आतूनच यावी लागते. ‘मिथुनम’च्या मुळाशी श्रीरमण यांची एक तेलुगू कथा होती. आमच्या आज्यांच्या ट्रंकांतील कागदांवर, त्यांच्या तीन भाषांतील शिव्यांवर, ओसरीवरच्या त्यांच्या अन्यायांवर आणि कचेरीतल्या त्यांच्या तासन्‌तास बसण्यावर मराठीत कथा कोठे आहे? ती कोणी पुणेकर लेखक येऊन लिहील या आशेवर आपण बसलो आहोत काय?

रोहिणीताईंकडून आम्ही जी अपेक्षा करतो, तिचा अर्धा भार म्हणूनच आपल्यावर येतो. या त्रैमासिकाच्या वाचकांत शिक्षक आहेत, वकील आहेत, शेतकरी आहेत. बहुतेकांच्या घरी पंच्याहत्तरीच्या आसपासची एक स्त्री आहे. तिच्या आयुष्याचा सारांश तिच्याच तोंडून ऐकून तो लिहून काढण्याचे काम त्यांतल्या चार-दोघांनी जरी केले, तरी पुढे एखादा दिग्दर्शक विचारत आला तर त्याच्या हाती ठेवायला आपल्याकडे काहीतरी असेल.